माझं देज

अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल माफी. आश्रमशाळेत चौथीपर्यंत होते, तेव्हाही माझी वही गुरुजी वर्गाला उघडून दाखवायचे आणि पोरं हसायची. आता तर बोटांना मिरचीची आग असते, पेन घट्ट धरवत नाही, ओळ खाली घसरते. कुणाची माफी मागते आहे कोण जाणे. ही वही मी कुणाला दाखवणार नाही.

वही दवाखान्यातल्या सिस्टरांनी दिली. रोज गोळी घेतली की तारखेपुढे फुली मारायची, झोप लागली तर गोल काढायचा. पुढच्या पानांवर नुसत्या फुल्या आणि गोल आहेत. मी मागच्या बाजूने लिहिते आहे. घरी आम्ही पावरी बोलतो, पण पावरी लिहायला मला कुणी शिकवलं नाही. म्हणून डोंगरातली सगळी माणसं इथे मराठीत बोलतील. शिव्या मात्र ती पावरीत जास्त चांगल्या देतात.

आधी देज म्हणजे काय ते लिहून टाकते. आमच्यात पोरगी द्यायची तर नवऱ्याकडचे पोरीच्या बापाला पैसे देतात. तेच देज. खालच्या गावांत उलटं असतं, तिथे बाप पोरगीही देतो आणि वर पैसेही देतो, आणि अडाणी आम्हाला म्हणतात. मी एकोणीस वर्षांची असताना माझं देज साठ हजार ठरलं. ते पैसे वडिलांकडे दोन महिने राहिले. मग त्याच पैशांत माझ्या भावाला बायको आणली. मी त्या घरातून निघाले आणि माझ्या पैशांवर भावजय त्या घरात आली. चुलीवरचं एक भांडं उतरवून दुसरं ठेवावं तसं.

सासरी दीड वर्ष बरं गेलं. नवरा मारत नव्हता. सासू बोलायची, पण सासवा बोलतातच. मग पोरगी झाली आणि तिसऱ्या आठवड्यात माझी झोप गेली. आधी वाटलं, पोर रडते म्हणून. मग पोर झोपायची तरी मी टक्क जागी. नंतर कुडाच्या भिंतीतून कुणी बोलायला लागलं. बाईचा आवाज, थेट सासूसारखा, पण सासू माझ्यासमोर तोंड मिटून भाकरी थापत असायची. आवाज म्हणायचा, तुझं दूध कडू आहे, पोर मरेल. मी दूध पाजणं बंद केलं. हे लिहितानाही मान खाली जाते.

सासूने बडव्याला बोलावलं. बडवा म्हणजे आमच्याकडचा मंत्र घालणारा. त्याने मला घोंगडीखाली बसवलं, आत निखाऱ्यांचं खापर ठेवलं आणि त्यावर सुक्या मिरच्या टाकल्या. अंगात कुणी असेल तर ठसकत बाहेर पडेल म्हणे. मी ठसकले, ओकले, घोंगडी फाडायला गेले. कुणी बाहेर पडलं नाही. घोंगडीची कड सासूने स्वतःच्या पायाखाली दाबून धरली होती. तिच्या टाचेच्या भेगा मला आतून दिसत होत्या. मी किती गोष्टी विसरले, गोळीने विसरायला होतं असं लोक म्हणतात, पण त्या भेगा मी आजही मोजून दाखवेन.

तीन वेळा धूर दिला. तरी मी झोपेना, तेव्हा त्यांनी पंच बसवले. मला वेडी म्हणाले. ते तरी बरं. दुसरा एक शब्द सासूच्या ओठांवर आला होता, मी पाहिला. तो शब्द एकदा उच्चारला की आमच्या डोंगरात बाईला गावात राहू देत नाहीत, कधी कधी जगूही देत नाहीत. बडव्यानेच तिला गप्प केलं असावं. किंवा त्या शब्दाने मी मेले तर पैसे परत मागता येणार नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं असेल.

सासरा पंचांना म्हणाला, "फुटकं मडकं दिलं आम्हाला. मडकं घेऊन जा, पैसे परत द्या."

"आणि पोरगी?" मोठ्या पंचाने विचारलं.

सासू म्हणाली, "वेडीचं रक्त ते. तेही घेऊन जा."

माझे वडील खाली बघून काडीने जमीन उकरत होते. मोठ्या पंचाने निकाल सांगितला: साठ हजार पूर्ण परत आले की तोड झाली, मग बाई मोकळी आणि पोरगी आईची. पूर्ण येईपर्यंत दोघी सासरच्याच, राहू देत कुठेही. माझ्या कानात तेव्हा दुसरंच बोलणं चाललं होतं. तरी हे वाक्य त्यातून वाट काढून आत शिरलं आणि आतच राहिलं.

भावाच्या घरी आले. भावजय दारात उभी. तिच्या कडेवर तिचं तान्हं होतं.

"काय हो नणंदबाई," ती म्हणाली, "तुमच्या पैशात मी आले म्हणतात. मग मला परत पाठवा आणि फेडा त्यांचे साठ हजार. माझा बाप मला घेईल. पैसे मात्र त्याने कधीच पिऊन टाकले, तेवढं मागायला जाऊ नका."

भाऊ हसला. मी त्याला त्या हसण्याची माफी दिलेली नाही. भावजय रोज टोचायची. "आज कोण बोलतंय भिंतीत? माझं नाव घेतं का? घेतलं तर सांगा, मीही दोन शब्द सुनावते." पण एक गोष्ट लिहायलाच हवी, नाही तर ही वही खोटी होईल. माझ्या पोरीला दूध तिनेच पाजलं. एका बाजूला तिचं पोर, एका बाजूला माझं, आणि तोंडाने मला शिव्या.

वडील मला दवाखान्यात नेऊ लागले. पहिल्या ठिकाणी सलाईन लावलं, म्हणाले अशक्तपणा आहे, शेंगदाणे खा. दुसऱ्यांदा खाली शहरात गेलो. पहाटेच्या जीपने निघालो, दुपारपर्यंत रांगेत उभे होतो. खिडकीतला माणूस म्हणाला, डोक्याचे डॉक्टर आज नाहीत, मंगळवारी या. मंगळवारी गेलो तर म्हणाला, गेल्या वेळची चिठ्ठी कुठे आहे? चिठ्ठी वडिलांनी जपून कमरेच्या कापडात गुंडाळली होती, घामाने तिचा लगदा झाला होता. मग पुन्हा नवी रांग. तिसऱ्या वेळी एकाने माझ्याकडे पाहिलं आणि वडिलांना म्हणाला, "बाबा, हिला कशाला आणता? किती शांत बसली आहे." मी शांत बसले होते कारण भिंतीतल्या बाईने मला हलू नको म्हणून सांगितलं होतं. हे त्याला कोण सांगणार? वडिलांचं मराठी बाजारापुरतं आणि माझं तोंड शिवलेलं.

जायला-यायला भाडं लागतं. दर खेपेला वडील एक बकरी विकायचे. तीन बकऱ्या जीपच्या भाड्यात गेल्या. आठ महिने गेले.

मग मोलगी गावच्या बाजारात कुणीतरी वडिलांना सिस्टरांच्या दवाखान्याचं सांगितलं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिथे बाहेरून डोक्याचा डॉक्टर येतो. त्या डॉक्टरने मला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ पाहिलं. माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं. पण गोळी बरोबर दिली. त्या वेळी मला नावापेक्षा गोळी हवी होती, म्हणून त्याचं बाकीचं सोडून देते.

गोळीने तोंड सुकायचं, अंग जड व्हायचं, पण सहाव्या दिवशी मी झोपले. इतकी झोपले की भावजय आरसा आणून माझ्या नाकाशी धरून गेली. महिन्याभरात भिंत गप्प झाली.

सिस्टर केरळच्या. बोलताना हिंदी आणि मराठी एकत्र कालवतात, सगळ्यांना बेटा म्हणतात. एका गुरुवारी डॉक्टरला उशीर झाला तेव्हा मी धीर करून विचारलं, गोऱ्या लोकांच्या देशात वेड लागतं का? कारण त्या तिकडे होत्या हे मी ऐकलं होतं.

"आयर्लंडमध्ये होते मी, बेटा, पुष्कळ वर्षं. डोक्याच्याच दवाखान्यात. तिथे पण लागतं. पण वेड कोणी म्हणत नाही. म्हणतात, तिला नसांचा त्रास आहे. मग सगळे चहा पितात आणि पावसाविषयी बोलतात. पाऊस तिथे थांबतच नाही, विषयाला तोटा नाही."

"मग डॉक्टर लगेच मिळत असेल."

त्या हसल्या. "लगेच? चिठ्ठी मिळते. मग घरी बसून वाट पहा. झाडाची पानं गळतात, परत येतात, तरी बोलावणं येत नाही. खेडं असेल तर अजून लांब. माणूस लाजतो, सांगत नाही, आणि सांगतो तेव्हा डॉक्टर नाही."

"बाईला नवरा परत पाठवतो का?"

"परत नाही पाठवत. जुन्या काळात घरचे सही करून मोठ्या इमारतीत ठेवून यायचे. नंतर कोणी न्यायला यायचं नाही. मी गेले तेव्हा काही म्हाताऱ्या अजून होत्या तिथे. एक रोज कोट घालून दाराशी बसायची, भाऊ येणार म्हणून. पंधरा-सोळा वर्षांची असताना आणलेली."

मी म्हटलं, "पैसे तरी परत मागत नव्हते."

सिस्टरांनी हातातले कागद बाजूला ठेवले. मी तोपर्यंत त्यांच्याशी एवढं बोललेच नव्हते. मग मी त्यांना देजाची गोष्ट सांगितली. त्या दिवशी त्यांनी ही वही दिली.

ती कोटवाली म्हातारी माझ्या मनातून गेली नाही. मी ठरवलं, मी कुणाची वाट बघत दाराशी बसणार नाही. माझे पैसे मीच फेडेन. वडिलांकडे काही उरलं नव्हतं आणि भावाने हात झटकले होते.

नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या असतात. शहराबाहेर मोकळ्या जमिनीवर नजर जाईल तिथपर्यंत मिरची वाळत घालतात, आणि बायका ओळीने बसून देठ खुडतात. किलोवर मजुरी. हंगामात तिथेच प्लास्टिकच्या कागदाखाली राहायचं. हंगाम संपला की प्रकाशा गावाच्या बाजूला कापूस वेचायला, तेही संपलं की घरी निंदणीला. पोरीला मी बरोबर नेत असे. पहिल्या दिवशी मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि मला थेट घोंगडी आठवली. हात थांबले. डोळ्यांतून धारा.

मुकादमीण अहिराणी बोलणारी, आवाज ढोलासारखा. ती वरून ओरडली, "काय वं, कसाले रडी ऱ्हायनी? मिरची शे ती, तुन्ही सासू नही शे!"

सगळ्या हसल्या. मी मनात म्हटलं, बाई, तुला काय ठाऊक. आणि खुडायला लागले. एकेक देठ मोडताना कट्ट आवाज येतो. पहिला हंगामभर मी त्या आवाजावर सासूची मान ठेवली होती. हात भरभर चालायचा. मुकादमीण म्हणायची, नवी असून जुन्यांना मागे टाकते. रागाने काम उरकतं, हे मी अनुभवाने सांगते.

मिळेल ते वडिलांकडे द्यायचं, वडील पंचांमार्फत पोहोचवायचे. पाच हंगामांत पन्नास हजार गेले. मध्ये एका वर्षी डॉक्टर दोन महिने आलाच नाही. सिस्टरांकडच्या गोळ्या संपत आल्या, त्यांनी अर्ध्या अर्ध्या करून सगळ्यांना पुरवल्या. मिरचीच्या ढिगाखालून ती बाई पुन्हा बोलली. दूध कडू. पोरगी तेव्हा चार वर्षांची, दूध सुटून किती दिवस झालेले. मी ढिगाला म्हटलं, तुला तारीखही कळत नाही. पण त्या दिवशी पोरीला ढिगाजवळ फिरकू दिलं नाही. तेव्हा मला पक्कं कळलं, ही गोळी आहे तोपर्यंत मी आहे.

पाचव्या हंगामाच्या शेवटी नवरा पथारीवर आला. नवा शर्ट, केसांना तेल. माझ्यानंतर त्याने दुसरी आणली होती, ती सहा महिन्यांत निघून गेली हे मला माहीत होतं. तो उकिडवा बसला.

"किती हात जाळून घेतलेस गं," तो म्हणाला. "पुरे झालं. दहा हजार राहिलेत ना? नको आम्हाला. घरी चल."

मी देठ खुडत राहिले.

"आई पण म्हणते, आता बरी झाली. कामाला किती वाघीण आहे ते सगळं गाव सांगतं. पोरगीही मोठी झाली."

"गोळ्या?" मी विचारलं.

"कसल्या गोळ्या? बरी झालीस ना? बऱ्या माणसाला गोळी कशाला? आमच्याकडे आलीस की बंद. लोकांना दिसलं तर म्हणतील अजून वेडी आहे."

त्याने हे रागाने म्हटलं नाही. अगदी प्रेमाने म्हटलं. म्हणून मला जास्त भीती वाटली. मुकादमिणीकडे बघून मी म्हटलं, "माझी पाटी तोलायची आहे," आणि उठून गेले.

भावजयीला हे सांगितलं तेव्हा ती थुंकली. "तुम्हाला नेत नाहीत, नणंदबाई, पोरीला नेतात. अजून दहा-बारा वर्षांनी तिचं देज येईल. दहा हजार सोडून लाख घेतील. आणि तोवर चूल फुंकायला तुम्ही फुकट." भावजय वाईट बाई आहे, पण हिशेब तिचा कधी चुकत नाही.

मी दहा हजार जमवले आणि वडिलांबरोबर पाठवले. सासरच्यांनी वडिलांना पाहुण्यासारखं बसवलं, कोंबडी कापली, दारू पाजली, पैशाला हात लावला नाही. "घरातल्या सुनेकडून कुणी पैसे घेतं का, व्याही?" म्हणाले. दुसऱ्यांदा मीच मोलगीच्या बाजारात सासूसमोर जाऊन उभी राहिले, पाचशेच्या वीस नोटा पुढे केल्या. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले, जसं मी निखारा देते आहे. मीठ घेणारी माणसं वळून बघू लागली. ती मोठ्याने म्हणाली, "बघा, आमची सून! किती छान झाली!" मला तिथेच ढेकूण चिरडावा तसं तिला चिरडावंसं वाटलं. पण माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. चार माणसं बघायला लागली की माझी जीभ टाळूला चिकटते, ती सवय कुठल्याच गोळीने गेली नाही.

मोठ्या पंचाकडे गेले. तो म्हणाला, "ते घेत नाहीत तर मी काय त्यांच्या तोंडात घालू? नवरा न्यायला तयार, सासू बोलावते, तुझे दहा हजार वाचले. बाकीच्या बाया अशा नशिबाला तरसतात."

नियम असा की शेवटचा पैसा पंचांसमोर घेतला गेला, आणि दोन्ही घरांनी एकाच भांड्यातल्या मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडली, तरच तोड होते. एक रुपया राहिला तरी बाई त्यांची. पाच वर्षं जे पैसे ते माझ्या उरावर बसून मागत होते, तेच आता घ्यायला तयार नव्हते. मी देणेकरी, आणि पळत होते ते. पत्र्याच्या डबीत वीस नोटा तशाच पडून राहिल्या. पोरीला मी एकटं कुठे सोडेना. तिला कुणी बाजारातून उचलून नेलं असतं तर पंचांनी म्हटलं असतं, त्यांचीच तर आहे.

यंदा हंगाम भरात असताना सासू पथारीवर आली. एकटी. मोलगीहून इतक्या लांब ती कधी आली नसेल. मिरचीच्या धुळीत तिला असा ठसका लागला की ती वाकलीच. डोळ्यांतून, नाकातून पाणी. मी बसल्या जागेवरून पाहिलं. पाणी द्यायला उठले नाही. शेजारच्या बाईने दिलं.

"धाकटा," ती म्हणाली. धाकटा म्हणजे माझा दीर, एकोणीस वर्षांचा, गुजरातेत ऊसतोडीला जाऊन आलेला. "झोपत नाही. नाल्यात जाऊन बसतो. कुणाशी तरी बोलतो. जेवणात विष आहे म्हणतो."

मी एक देठ खुडला.

"तुला कुठे नेलं होतं ते सांग, पोरी. कुठला डॉक्टर, कुठला वार?"

"बडव्याकडे नेलंस का?" मी विचारलं. मी तिला कुठल्याच नात्याने हाक मारली नाही.

"नेलं."

"धूर दिला?"

तिने पदर तोंडावर घेतला. तिचे पाय मला दिसत होते. भेगा तशाच.

"घोंगडी कुणी दाबून धरली?"

"तू असं नको बोलू. त्याने तुझं काय केलं?"

खरं होतं. दिराने माझं काही वाईट केलं नव्हतं. मला धूर दिला तेव्हा तो लहान होता, दारामागे उभा राहून रडला होता. हे मला तेव्हाही आठवलं. तरी मी म्हटलं, "दहा हजार घ्या. पंचांसमोर. धार टाका. मग सांगते."

"दे, आत्ता घेते," तिने खरंच हात पुढे केला. बाजारात पदराखाली गेलेला तोच हात.

"इथे नाही. इथे घेशील आणि तिथे नाही म्हणशील. पंचांसमोर."

"पंच कामाला खाली गेलेत. आठ दिवस येत नाहीत."

"मग आठ दिवस."

 मग तिने मला एक शिवी दिली, पावरीत, आणि रडत निघून गेली. मुकादमिणीने सगळं ऐकलं होतं, भाषा कळली नाही तरी सूर कळला. तिने मला विचारून घेतलं, मी सांगितलं.

"पाप लागी वं तुले," ती म्हणाली.

"लागू दे," मी म्हटलं.

त्या आठ दिवसांत फुल्या आहेत, गोल नाहीत. वही उघडून पाहिलं की कळतं. गोळी घेऊनही मी झोपले नाही. तो नाल्यात असेल, आणि त्याला जे सांगत असेल ते काय सांगत असेल, हे त्या डोंगरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं काही झालं असतं तर? मी रोज सकाळी वर जाणाऱ्या जीपवाल्याला विचारायचे, त्या गावात काही बातमी? तो नाही म्हणायचा आणि मी पुन्हा खुडायला बसायचे. निरोप मात्र पाठवला नाही.

सिस्टरांना पुढे हे कळलं तेव्हा त्या खूप रागावल्या. ते आत्ताच लिहून टाकते, कारण शेवटी लिहायचं नाही मला. त्या म्हणाल्या, "तिकडे आयर्लंडमध्ये माणसं वाट बघतात कारण डॉक्टर कमी आहेत. इथे मी फोनवर डॉक्टरला विचारून त्याच दिवशी गोळी दिली असती, बेटा, आणि तू थांबवलंस."

मी म्हटलं, "मला आठ महिने थांबवलं."

"म्हणून?"

 वाईट वाटतं का? वाटतं, दिराचं. सासूचं नाही. आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी काय करेन, तेही मला ठाऊक आहे. सिस्टरांनी त्या दिवशी मला बेटा म्हटलं ते एकदाच. दिराला मात्र गोळी लागू पडली आहे, तो आता दिवसा झोपतो म्हणून सासू त्याला आळशी म्हणते.

आठव्या दिवशी पंच बसले. चिंचेखाली, सहा वर्षांपूर्वी जिथे बसले होते तिथेच. नवरा लांब, पाठ करून उभा. वडील काडीने जमीन उकरायला लागले, मी ती काडी त्यांच्या हातातून काढून घेतली. दीर त्याच्या बापाला टेकून बसला होता, ओठ हलत होते. मी त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

वहीचं एक पान मी आधीच फाडून लिहून आणलं होतं: दवाखान्याचं गाव, महिन्याचा पहिला गुरुवार, जीप कुठून आणि किती वाजता, चिठ्ठी ओली होऊ द्यायची नाही, सिस्टर हिंदी बोलतात, घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशीच तो गुरुवार होता. ते पान डाव्या मुठीत आणि डबी उजव्या हातात.

मोठा पंच म्हणाला, "बोल, कोण देणार?" वडिलांनी तोंड उघडलं.

"मी देते," मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की एक पंच म्हणाला, "काय?" मी पुन्हा म्हटलं, "मी देते. माझं देज आहे."

सासऱ्याने नोटा मोजल्या. वीस. सासूने त्याच्या हातातून घेऊन पुन्हा मोजल्या, तिला त्याही वेळी धीर नव्हता. मोठ्या पंचाने विचारलं, "राहिलं काही?"

सासरा पुटपुटला.

"मोठ्याने," मी म्हटलं. मीच म्हटलं. सगळे माझ्याकडे वळले आणि जीभ टाळूला चिकटली, पण शब्द निघून गेला होता.

"काही राहिलं नाही," सासरा म्हणाला.

मडक्यातली दारू आधी त्याने जमिनीवर ओतली, मग माझ्या वडिलांनी. मातीने ती लगेच पिऊन घेतली. मी डावी मूठ उघडून सासूपुढे पान धरलं. तिला वाचता येत नाही, तिने ते पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. मी पोरीला कडेवर घेतलं, सहा वर्षांची आहे, जड झाली आहे, तरी घेतलं. साठ हजार पूर्ण झाले होते.